वेड्या बाभळीचा माग काढताना

वेडी बाभूळ महाराष्ट्रात ओढ्याकाठी, रेल्वेमार्गालगत, पडीक रानात इतकी रुळली आहे की ती इथलीच वाटावी. मूळची ती मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली. एकोणिसाव्या शतकात ती भारतात आली. १९६०च्या दशकात वनखात्याने कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात ती मुद्दाम लावली, कारण रणाचं मीठ पुढे सरकेल अशी भीती होती. १९७० आणि ८०च्या दशकांत इथिओपियाच्या अफार भागात आणि केनियातल्या बरिंगोतही तेच झालं. हेतू सगळीकडे चांगला होता: सरपण, सावली, उडत्या मातीला आडोसा. आज बन्नीचं पुष्कळ गवत तिच्याखाली गेलं आहे, आणि अफारमध्ये उपग्रहचित्रांवरून केलेल्या मोजणीत २०१६पर्यंत तिने दहा लाखांहून अधिक हेक्टर व्यापल्याचं दिसलं. बरिंगोचे पशुपालक तर दात गेलेली शेळी घेऊन न्यायालयात गेले. या झाडाच्या गोड शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडतात, अशी त्यांची तक्रार होती.

झाडाने तीन खंड ओलांडले, पण त्याच्याबद्दलचं ज्ञान त्याच्यासोबत आलं नाही, आणि आजच्या अनर्थाचं मूळ मला तिथे दिसतं. मायदेशी या झाडावर जगणारे किडे असतात. शेंगेतलं बी पोखरणारे भुंगेरे, पानं गुंडाळणाऱ्या अळ्या त्याला आवरून धरतात. नव्या मुलखात हे कुणीच नसतं. गुरं शेंगा खातात, बी शेणातून धड बाहेर पडतं आणि रुजतं. झाड तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं. म्हणजे आवर घालणारा एका देशात, नुकसान दुसऱ्या देशात आणि फसलेल्या प्रयोगांचा अनुभव तिसऱ्या देशात, अशी स्थिती आहे. हे तुकडे एका ठिकाणी आणणं कोणत्याही एका देशाच्या वनखात्याला जमणारं नाही. म्हणून या प्रश्नात आंतरराष्ट्रीय सहकार्याला पर्याय नाही.

आपल्याच इतिहासात याचा धडा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९५मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ब्राझीलहून निवडुंगावर जगणारे कोचिनील किडे कलकत्त्याला आणले गेले. कंपनीला त्यांच्यापासून मिळणारा लाल रंग हवा होता. किडे निघाले वेगळ्याच जातीचे. रंग हलका मिळाला, पण एका जातीचा निवडुंग मात्र त्यांनी फस्त केला. दुसऱ्या जातीच्या निवडुंगाला त्यांनी तोंडही लावलं नाही. त्यासाठी वेगळी जात लागली, आणि ती १९२६मध्ये श्रीलंकेतून आली. किडा आणि वनस्पती यांची जोडी इतकी नेमकी असते. ऑस्ट्रेलियाने हे नेमकेपण पद्धतशीर शोधलं. १९२०मध्ये तिथे खास निवडुंग मंडळ स्थापन झालं, शास्त्रज्ञ अमेरिका खंडात हिंडले आणि १९२५मध्ये अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणली. सुमारे अडीच कोटी हेक्टरांवर पसरलेला निवडुंग त्याच्या अळ्यांनी काही वर्षांत संपवला.

इथे रास्त आक्षेप येतो: परक्या वनस्पतीला आवरायला परका किडा आणायचा, हा आगीशी खेळ नव्हे का? आक्षेप पोकळ नाही. तोच पतंग १९५७मध्ये कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर सोडला गेला. १९८९मध्ये तो फ्लोरिडात आणि २००६मध्ये मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर सापडला. मेक्सिकोत निवडुंग हे रानटी तण नव्हे, लोकांचं अन्न आणि शेती आहे. मेक्सिको आणि अमेरिकेने एकत्र येऊन तो पतंग त्या बेटावरून हटवला, म्हणून पुढचं टळलं. पण या उदाहरणावरून किडे आणूच नयेत असं ठरत नाही. शेजाऱ्यांना न विचारता आणू नयेत, एवढं नक्की ठरतं. २०१४ सालाकडे पाहा. त्या वर्षी केनियाच्या लैकिपियात दक्षिण आफ्रिकेतून आणलेला कोचिनीलचा एक प्रकार निवडुंगावर सोडला गेला, आणि पशुपालकांना त्याचा आधार झाला. त्याच सुमारास मोरोक्कोत त्याच जातीचा दुसरा प्रकार पसरला आणि लोकांनी लावलेल्या निवडुंगाच्या बागा उजाड झाल्या. प्रकारातला फरक ओळखणं ही प्रयोगशाळेची कामगिरी आहे. कोणाचं पीक आणि कोणाचं तण हे ठरवणं नाही.

दुसरा आक्षेप कच्छच्या मालधाऱ्यांच्या, म्हणजे तिथल्या पशुपालकांच्या, आणि कोळसा पाडणाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि मला तो अधिक जड वाटतो. या झाडाच्या कोळशावर गरीब घरं चालतात. बन्नीची म्हैस शेंगाही पचवते, गाईंना मात्र त्या बाधतात. मग झाड मारायचं कशाला, वापरून संपवू या, असं अनेक जण म्हणतात. केनियात हेही करून पाहिलं गेलं, पण पसरणं थांबलं नाही, कारण तोडलेला बुंधा फुटतोच आणि कोळशाची मागणी असली की तो फुटावा असंच वाटू लागतं. दक्षिण आफ्रिकेने याच वंशातल्या झाडांसाठी मधला मार्ग काढला. शेतकऱ्यांना शेंगा हव्या होत्या, म्हणून १९८७मध्ये अ‍ॅरिझोनातून फक्त बी खाणारे भुंगेरे आणले, झाडाला धक्का न लावता. फळ कमी मिळालं, कारण भुंगेऱ्यांच्या आधी गुरंच शेंगा खाऊन टाकत. ऑस्ट्रेलियाला शेंगांची फिकीर नव्हती. त्या देशाने आपल्या पिलबारा भागात, ज्याच्या अळ्या पानं खातात असा पतंग सोडला आणि झाडं खुरटली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत, पण त्यांतला कोणताही जसाच्या तसा बन्नीत आणता येणार नाही.

इथिओपिया, केनिया आणि टांझानिया यांनी स्वित्झर्लंडच्या संस्थांसह २०१५मध्ये सुरू केलेल्या संयुक्त प्रकल्पाचं मोल मला म्हणूनच वाटतं. त्यात झाडाचा नकाशा, पाण्याचा आणि गवताचा हिशेब आणि गावकऱ्यांशी चर्चा एकत्र होती. उणीव राहते ती मुदतीची. असे प्रकल्प बहुधा चार-पाच वर्षांच्या निधीवर चालतात, आणि बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. ऑस्ट्रेलियाचं मंडळ १९३९पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, टिकलं होतं. कच्छ, अफार आणि बरिंगो यांच्यासाठी तसं काही उभं करायचं तर किडे देणाऱ्या देशांना त्यांचा वाटा पहिल्या दिवसापासून मिळाला पाहिजे. आणि कोणता किडा सोडायचा, सोडायचा की नाही, या बैठकीत मालधारी आणि अफारचे पशुपालक प्रत्यक्ष मत देणारे म्हणून बसले पाहिजेत.