अनुदान कोणाच्या पदरांत पडतें ?

सरकार शेतकऱ्यास रोख मदत देतें तेव्हां ती गांवांत प्रत्यक्ष कोणाच्या पदरांत पडते, हा प्रश्न आमच्या सभासदांत क्वचितच निघतो. अमेरिकेंतील कापूसपट्ट्यानें या प्रश्नाचें उत्तर नव्वद वर्षांपूर्वीं फार महाग किंमत देऊन मिळविलें. तो वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

१९२९ सालीं तेथील शेतकऱ्यास कापसाचा दर पौंडास सुमारें १७ सेंट मिळत असे. १९३२ सालीं तो साडेसहा सेंटांवर आला. माल उदंड, गिऱ्हाईक नाहीं. म्हणून मे १९३३ मध्यें कायदा करून, पेरा घटविणारास सरकारी खजिन्यांतून पैसे देण्याचें ठरलें. तोंवर कापूस उगवून वर आला होता. त्यामुळें त्या उन्हाळ्यांत सुमारें एक कोट एकर उभें पीक नांगरानें मोडलें गेलें. मोबदला एकरीं ७ ते २० डॉलर. ओळींवर पाय न देण्याची संवय लागलेलीं खेंचरें पिकावर चालेनात, असें तेव्हांच्या वर्तमानपत्रांतून छापून आलें होतें. आम्हांस त्या जनावरांचें नवल वाटत नाहीं.

दर सुधारला व पुष्कळ जमीनमालकांचीं गहाणें वांचलीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. परंतु आर्कान्सा राज्यांतील पॉइन्सेट काउंटीसारख्या भागांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) जमीन कसणारे बहुतेक वाटेकरी होते. घर, खेंचर, अवजारें व बीं मालकाचें, मेहनत वाटेकऱ्याची, पीक निमेंनिम. १९३४ च्या करारांत पड ठेवलेल्या जमिनीच्या सरासरी उत्पन्नावर पौंडामागें साडेतीन सेंट खंड व शिवाय एक सेंट असा हिशेब होता. खंड सर्व मालकाचा. त्या एका सेंटांतील अर्धा वाटेकऱ्याचा. दहा एकर पड ठेवले व एकरीं २०० पौंड उत्पन्न धरलें, तर एकूण ९० डॉलरांपैकीं मालकास ८० व वाटेकऱ्यास १० येत. त्या दहा एकरांतला वाटेकऱ्याचा निम्मा कापूस मात्र बुडालाच. तें अर्धें सेंटही मालकाच्या हातून, पुष्कळदां जुनी उधारी कापून, मिळे.

वाटेकरी काढून रोजंदारीचा गडी ठेवला तर अर्धें सेंटही वांचत होतें ! नेहमींच्या संख्येइतकीं कुळें शक्य तोंवर ठेवावीं, असें कलम करारांत होतें. पण या 'शक्य तोंवर' चा अर्थ लावणाऱ्या स्थानिक कमिट्यांवर बहुधा मोठ्या जमीनदारांचेंच वजन असे. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच ओसरीवर न्याय मागावयाचा, असा प्रकार झाला. जुलै १९३४ मध्यें याच काउंटींतील टायरोंझा गांवाजवळ कांहीं गोरे व काळे वाटेकरी एकत्र बसले व त्यांनीं आपला संघ काढला. तीच कुळें त्याच जमिनीवर राहिलीं पाहिजेत, असा अर्थ लावणारे सरकारी कायदेपंडित फेब्रुवारी १९३५ मध्यें नोकरींतून काढले गेले. दक्षिणेंत १९३० सालीं सुमारें ७ लाख ७६ हजार वाटेकरी होते, ते १९४० सालीं ५ लाख ४१ हजारांवर आले. यांत मंदी व यंत्रेंही कारण झालीं. परंतु अनुदानाच्या वाटणीनें त्यास हात दिला, यांत आम्हांस शंका नाहीं.

आपल्याकडे २०१९ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीची वर्षाची ६००० रुपयांची रक्कम सातबाऱ्यावरील नांव पाहून ठरली. ती दर कुटुंबास सारखीच असल्यामुळें एकरांच्या हिशेबानें मोठा जमीनदार अधिक नेतो, हा अमेरिकन दोष तींत नाहीं. पण दुसऱ्याची जमीन खंडानें वा बटाईनें कसणारास तींत जागा नाहीं. आमचे कित्येक वाचक जमीन बटाईनें देतात व ती तोंडीच देतात. १९४८ च्या कूळ कायद्याचें भय अद्यापि मनांतून गेलेलें नाहीं. कागद नसल्यामुळें त्या कसणारास सन्मान निधि तर नाहींच. गारपिटीनें पीक गेलें असतां पंचनाम्यांत नांव लागतें तें मालकाचें आणि भरपाईही त्याच्याच खात्यावर जमा होते.