मधल्या फळीतले ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्डावर कला महाविद्यालयाच्या वार्षिकात लेख कशाला, असे संपादक मंडळातल्या एका मित्राने मला विचारलेच. त्याला मी एवढेच म्हटले, की गॅदरिंगच्या एकांकिकेचे चित्रीकरण रात्र रात्र बसून जोडणारी, संगणकावर ॲनिमेशन शिकणारी आणि परीक्षा संपताच खेळ खेळत बसणारी मुले आपल्या वर्गातही काही कमी नाहीत. पडद्यावरचे चित्र तयार करणारा वेगळा प्रोसेसर आणि त्याची स्वतःची मेमरी एका पट्टीवर बसवली, की झाले ग्राफिक्स कार्ड. ही पट्टी पुष्कळदा संगणकातली सर्वांत महाग वस्तू असते.

साधारण दर दोन वर्षांनी कार्डांची नवी पिढी बाजारात येते आणि त्या सुमारास खरी पंचाईत होते ती मधल्या फळीच्या गिऱ्हाइकाची. लाखभर रुपये मोजणारा डोळे मिटून वरच्या फळीतले कार्ड उचलतो. अगदी स्वस्त घेणाऱ्याला निवडच नसते. अडीचशे ते साडेचारशे डॉलरच्या टप्प्यात मात्र नवे, जुने, या कंपनीचे, त्या कंपनीचे असे सगळे एकाच काउंटरवर मांडलेले असते.

वसतिगृहातल्या माझ्या एका मित्रावर २०२५ च्या पावसाळ्यात हीच वेळ आली. वडिलांनी चाळीतला कांदा विकून त्याला बत्तीस हजार रुपये दिले होते. त्याला ब्लेंडरवर ॲनिमेशन शिकायचे होते आणि त्यातून चार कामे मिळवायची होती. असे बत्तीस हजार पुन्हा चार-पाच वर्षे तरी हाती येणार नव्हते. तो म्हणाला, “आता नवीन आलंय ना, मग तेच घेऊ. जुनं कशाला?” प्रश्न सरळ होता, उत्तर तितके सरळ निघाले नाही.

प्रथम नावाकडे पाहू. एनव्हिडिया कंपनीच्या ‘आरटीएक्स ५०६०’ या नावात पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन त्या पिढीतली पायरी. तेव्हा ३०६०, ४०६०, ५०६० हे ओळीने आजोबा, वडील, नातू आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा धिप्पाड, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात २०२१ सालच्या ३०६० ला १२ जीबी मेमरी होती आणि त्या मेमरीकडे जाणारा रस्ता १९२ बिट रुंद होता. २०२३ साली ४०६० आले ते ८ जीबी आणि १२८ बिटांचे. ते बहुतेक खेळांत ३०६० पेक्षा वेगवान ठरले आणि १७० वॉटच्या जागी ११५ वॉटमध्ये भागवू लागले, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. पण मेमरी एक-तृतीयांशाने घटली, हेही खरे. मे २०२५ मध्ये ५०६० आले, मेमरी आणखी वेगवान झाली, पण ती ८ जीबीच राहिली.

त्यातून एकाच नावाच्या दोन वस्तू विकण्याची खोड आहेच. एप्रिल २०२५ चे ५०६० टीआय आणि जून २०२५ चे एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आले. नाव तेच, खोकेही जवळपास तसेच. २०२२ साली तर एनव्हिडियाने १२ जीबीचे एक कार्ड ‘४०८०’ या नावाने जाहीर केले, ओरड होताच मागे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच ‘४०७० टीआय’ म्हणून विकायला काढले. बारसे झाल्यावर नाव बदलावे, तसलाच प्रकार!

आता या मेमरीचे एवढे काय कौतुक, ते सांगतो, कारण सगळे घोडे येथेच अडते. स्वयंपाक करताना लागणारे डबे ओट्यावर मांडलेले असले, की हात पुढे केला आणि डबा घेतला. ओटा भरला, की उरलेले डबे माळ्यावर जातात आणि दर वेळी शिडी लावावी लागते. कार्डाची मेमरी म्हणजे ओटा आणि संगणकाची रॅम म्हणजे माळा. ५०६० आपल्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी माल उचलू शकते. ८ जीबीत न मावलेला माल रॅममधून आणायचा, तर तो मदरबोर्डाच्या पीसीआय एक्सप्रेस या जिन्याने यायचा. त्या जिन्याला सोळा पदर असतात. पण ४०६० आणि ५०६० त्यांतले आठच वापरतात. मित्राचा मदरबोर्ड २०१९ चा, तिसऱ्या पिढीच्या जिन्याचा. तेथे आठ पदरांतून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जाते. कुठे ४४८ आणि कुठे ८! खेळात अशा वेळी चित्र अडखळते किंवा भिंतींचे, कपड्यांचे पोत धूसर होतात. ब्लेंडरमध्ये मोठे दृश्य मावले नाही, तर काम कमालीचे मंदावते, नाहीतर अर्ध्यावरच थांबते.

दुकानदार मात्र मेमरीचे नाव काढत नाही. तो ‘फ्रेम’ सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या मंचावर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९० इतके काम करील, असे सांगितले. यातली मेख अशी, की कार्ड खऱ्या दोन चित्रांच्या मधली चित्रे अंदाजाने रचून दाखवते आणि नव्या पिढीत तेव्हा एका खऱ्या चित्रामागे अशी तीनपर्यंत रचता येत होती. त्यांची गणती सोडली, तर ५०७० हे ४०९० च्या पुष्कळ मागे राहते, हे परीक्षणांत लगेच दिसले. डोळ्याला हालचाल गुळगुळीत भासते, ते खोटे नाही. पण तीस खऱ्या फ्रेमांच्या एकशेवीस केल्या, तरी आपण कळ दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद तिसाचाच, किंबहुना किंचित उशिराचा.

किमतीचेही असेच. ५०६० ची जाहीर किंमत २९९ डॉलर. अमेरिकेतल्या त्या आकड्यात कर नसतो. डॉलरला पंच्याऐंशी रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरा, की तीस हजार होतात. ३४९ डॉलरचे १६ जीबीचे ९०६० एक्सटी त्याच हिशेबाने पस्तीस हजारांवर जाते आणि १६ जीबीचे ५०६० टीआय त्रेचाळीस हजारांवर.

मित्राच्या टेबलावरचा पडदा १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपक्यांचा. १४४० ओळींच्या पडद्यावर हीच संख्या ३७ लाख होते आणि तेथे कार्डाचा खरा कस लागतो. त्याला त्याची गरज नव्हती. केवळ खेळच खेळायचे असते, तर मी त्याला तीन हजार उसने देऊन १६ जीबीचे ९०६० एक्सटी घ्यायला लावले असते. ते सोळाही पदर वापरते. पण ब्लेंडर एनव्हिडियाच्या कार्डावर अधिक वेगाने चालते, म्हणून ते बाजूला पडले. इंटेलचे बी५८० हे १२ जीबीचे आणि २४९ डॉलरचे. मात्र जुन्या प्रोसेसरांच्या जोडीला ते मंदावते, असे जानेवारी २०२५ मध्ये परीक्षकांनी दाखवून दिले होते आणि याचा प्रोसेसर जुनाच होता.

उरले ते आजोबा. ३०६०, १२ जीबी, सोळा पदर. नव्या ५०६० पेक्षा नुसत्या वेगात ते चांगलेच मागे आहे आणि त्याला एनव्हिडियाच्या स्वतःच्या तंत्राने मधल्या फ्रेमा रचता येत नाहीत. पण मोठे दृश्य त्याच्या ओट्यावर मावते. एवढे जुने घेतले आणि कंपनीने लक्ष काढून घेतले तर, ही त्याची शंका रास्त होती. त्यावर दाखला असा, की २०१६ च्या १०६० ला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे मिळाले. त्याच्याजवळचा ५५० वॉटचा पॉवर सप्लायही चालण्यासारखा होता. तो बदलावा लागता, तर आणखी चार-पाच हजार गेले असते.

लॅमिंग्टन रोडवर दोन तास हिंडून आम्हांला ते पंचवीस हजारांच्या आत मिळाले आणि उरलेल्या पैशांत रॅम दुप्पट झाली. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून बिलावर ‘१२ जीबी’ असे स्पष्ट लिहून घेतले. कारण २०२२ च्या अखेरीस ३०६० चीही ८ जीबीची, १२८ बिटांची एक आवृत्ती त्याच नावाने निघाली होती आणि त्या दिवशी पहिल्या दुकानात आमच्यापुढे ठेवलेले खोके नेमके तिचेच होते.