चर्चची चांदी काय सांगते?

आमच्या आचोळ्याहून वसईचा किल्ला फार लांब नाही. सुट्टीच्या दिवशी तिथे तरुण मुलांची गर्दी असते, पडक्या चर्चच्या कमानींखाली प्रीवेडिंगचे फोटो निघतात. मला मात्र तो किल्ला नेहमी बाहेरून बघावासा वाटतो. वेढा घालून बसलेल्या, आणि आत काय चाललंय हे डोळ्यांनी कधीच दिसणार नाही अशा माणसाच्या जागी उभं राहून.

१७३९च्या उन्हाळ्यात मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा त्या जागी होते, आणि आत पोर्तुगीज. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि चिखल. जमिनीवरून भिडता येईल अशी बाजू एकच, उत्तरेची. दोन वर्षांपूर्वीचे हल्ले वाया गेले होते. शिवाय आपल्याकडचा पाऊस! जून लागला की मोर्चे पाण्याखाली आणि सुरुंगाची दारू ओली. सगळ्या छावणीचं लक्ष एकाच प्रश्नाकडे असणार: आतले लोक पावसापर्यंत तग धरतील का?

याचं उत्तर किल्ल्यात नव्हतंच, ते शेकडो मैलांवर विखुरलेलं होतं. गोव्याहून कुमक येईल का? मराठ्यांचे सरदार व्यंकटराव घोरपडे जानेवारीतच गोव्याच्या मुलखात घुसले होते, त्यामुळे गोव्याला स्वतःचीच चिंता होती. उत्तरेकडून रसद? माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी मराठ्यांनी त्याच जानेवारीत घेतली होती. राहिले मुंबईचे इंग्रज. पोर्तुगीजांनी त्यांच्याकडे हात पसरले, आणि मिळालं ते थोडंसं कर्ज, तेही चर्चमधली चांदी तारण ठेवून.

या चांदीपाशी थांबू. लष्करी गुप्तवार्तेचा आजचा विश्लेषक ही एवढीशी बातमी हातात घेऊन काय करेल? देवाची भांडी गहाण पडली म्हणजे खजिना आटलाय. पैसा संपत आला असेल तर शिपायांच्या पगाराचं काय, असा पुढचा प्रश्न तो लगेच विचारेल. आणि इंग्रज चांदी ठेवून घेतल्याशिवाय पैसे देत नाहीत, म्हणजे त्यांना वसई टिकेल याची खात्री नाही. ते आपली माणसं इथे मरायला पाठवणार नाहीत. तटाच्या आत पाऊल न टाकता खजिना, सैन्याचं मन आणि शेजाऱ्याचा हेतू या तिन्हींचा अंदाज आला. प्रत्यक्षात मे महिन्यात उत्तरेकडच्या बुरुजांखाली सुरुंग उडाले आणि १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. पाऊस अजून यायचा होता.

खबर आणणारा वेगळा आणि खबरांची बेरीज करणारा वेगळा. पहिल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. सुरतेची बातमी शिवाजीमहाराजांना आणून देणारे बहिर्जी नाईक सभासदाच्या बखरीतही भेटतात. वसईच्या मोहिमेआधी पुण्याला खेपा घालून साष्टीतली हालहवाल पेशव्यांच्या कानी घालणारे अंजूरचे गंगाजी नाईकही आपल्याच भागातले. दुसऱ्याचं नाव मात्र सहसा कुठे येत नाही. तो टेबलाशी बसलेला असतो.

त्याचं काम सेनापतीच्या प्रश्नापासून सुरू होतं. शत्रूची कोणती पलटण समोर आहे, तोफा कुठे आहेत, पूल रणगाड्याचं वजन पेलेल का? मग गस्तीचे अहवाल, पकडलेली कागदपत्रं, रेडिओवरचे संदेश, उपग्रहाची छायाचित्रं, वर्तमानपत्रं, सगळं त्याच्यासमोर येतं. प्रत्येक तुकड्याला तो दोन वेगवेगळे शेरे देतो. अनेक देशांच्या सैन्यांत चालणाऱ्या पद्धतीत माहिती देणाऱ्याच्या भरवशाला ए ते एफ अशी अक्षरं असतात आणि खुद्द माहितीच्या खरेपणाला १ ते ६ असे आकडे. हे दोन शेरे वेगळे ठेवण्यात केवढं शहाणपण आहे! अत्यंत भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकून येऊ शकतो, आणि लबाड माणसाच्या तोंडूनही एखादी बातमी खरी निघते. शेवटचं एफ अक्षर तर ‘हा खोटारडा’ असं म्हणतच नाही. त्याचा अर्थ एवढाच, की या माणसाला जोखायला आपल्याकडे अजून आधार नाही.

छायाचित्रांचं प्रकरण तर याहून विलक्षण. वरून काढलेल्या फोटोत इमारतीची उंची दिसत नाही, सावली दिसते. फोटो कुठल्या जागी, कुठल्या तारखेला, किती वाजता काढला हे ठाऊक असेल तर सूर्य आकाशात किती वर होता हे गणिताने कळतं, आणि सावलीच्या लांबीवरून उंची निघते. दहावीच्या त्रिकोणमितीत बसणारं हे गणित दुसऱ्या महायुद्धातही वापरलं जायचं. इंग्लंडमधल्या मेडमेनहॅमच्या केंद्रात कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या बाईंनी १९४३ मध्ये जर्मनीच्या पेनेम्युंडे इथल्या फोटोत मिलिमीटरहूनही लहान असा एक फुलीसारखा ठिपका भिंगातून हेरला. तो व्ही-१ हा उडता बॉम्ब होता. पुढच्या वर्षी हेच बॉम्ब लंडनवर पडायला लागले.

ठिपका दिसला तरी ऐकणारा लागतो. आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे लष्करप्रमुख होते. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी ईशान्य सीमेवरच्या चिनी धोक्याचा अंदाज आणि बचावाची योजना लिहून दिल्लीला पाठवली. चिनी सैन्य कोणत्या वाटांनी उतरेल, आपण कुठे लढावं, किती सैन्य लागेल, सगळं त्यात होतं. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा युद्धसराव घेऊन त्यांनी तेच नकाशावर मांडून दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मानलं नाही. १९६२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुढे जे घडलं ते थोरातांच्या अंदाजाच्या इतकं जवळ होतं, की त्यांचं आत्मचरित्र वाचताना अंगावर काटा येतो. अंदाज बरोबर असूनही तो ऐकला न जाणं, विश्लेषकाच्या कामातलं सगळ्यात मोठं दुःख मला हेच वाटतं.

कारगिलला १९९९ मध्ये वेगळंच झालं. घुसखोरीची पहिली ठोस खबर मे महिन्यात बटालिकच्या मेंढपाळांकडून आली. नंतर के. सुब्रह्मण्यम समितीने वेगवेगळ्या यंत्रणांमधली माहिती एकत्र जोडण्यातल्या त्रुटींवर नेमकं बोट ठेवलं. २००२ मध्ये तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली ती या अनुभवातून.

आता आचोळ्यातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला या टेबलाशी बसायचं असेल तर? अमेरिकेत शालेय शिक्षणानंतर थेट ‘विश्लेषक’ म्हणूनच सैन्यात भरती होता येतं. नागरिकत्व आणि अतिगोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी मात्र लागते. आपल्याकडे अधिकारी व्हायचं तर आधी सैन्यात शिरायचं. बारावीनंतर एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. २०२२ पासून खडकवासल्याच्या या प्रबोधिनीत मुलीही आहेत आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. पदवीनंतर सीडीएस परीक्षेचा रस्ता आहे. एनडीएच्या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून चालते, मुलींसाठीची नाशिकला आहे.

लेखी परीक्षेनंतर एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळासमोरचे पाच दिवस. तिथे पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. परीक्षक त्यातून स्वभाव शोधतात, हेरगिरीची हुशारी नव्हे. तरीही अस्पष्ट चित्रासमोर बसून ‘इथे काय चाललंय?’ असं स्वतःला विचारणं हे पुढच्या कामाच्या किती जवळचं आहे!

इंटेलिजेंस कोअर, म्हणजे सैन्याची गुप्तवार्ता शाखा, मागितली म्हणून मिळतेच असं नाही. अकादमीतल्या प्रशिक्षणाच्या शेवटी आवड, गुणक्रम आणि रिकाम्या जागा पाहून वाटप होतं. मिळाली तर पुढचं शिक्षण पुण्यात, वानवडीच्या लष्करी गुप्तवार्ता प्रशिक्षण केंद्रात. सैन्याच्या इतर शाखांतले अधिकारीही तिथे अभ्यासक्रमांसाठी येतात. आणि चिनीसारखी भाषा शिकायची तर दिल्लीला संरक्षण मंत्रालयाचं परकीय भाषांचं विद्यालय आहे. पकडलेला कागद समोर आला की मधल्या कुणाच्या भाषांतराची वाट न पाहता तो स्वतः वाचता येतो.