वाक्य बेकनचं, बिल फूकोच्या नावावर

‘ज्ञान म्हणजेच सत्ता, असं फूको म्हणतो.’ हे वाक्य मराठी प्रबंधांत इतक्यांदा येतं, की एखाद्या प्रबंधात ते नसलं तर मार्गदर्शकालाच चुकल्यासारखं वाटत असावं. विषय शिक्षणशास्त्राचा असो, सार्वजनिक आरोग्याचा असो, नाहीतर सिंचनाचा. प्रस्तावनेत फूकोला हार घालायचा, कंसात १९७५ टाकायचं आणि पुढच्या दोनशे पानांत त्याचं नावही काढायचं नाही.

मुळात वाक्य त्याचं नाहीच. या अर्थाचं लॅटिन विधान इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकनने १५९७ मध्ये छापलं होतं. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको जन्मला १९२६ साली. शंका असेल त्याने त्याची १९८३ ची मुलाखत काढून पाहावी. ज्ञान आणि सत्ता एकच, हे मत आपल्या माथी मारलेलं पाहून आपल्याला हसू येतं, असं तो तिथे सांगतो. दोन्ही एकच असती, तर त्यांचं नातं शोधण्यात इतकी वर्षं कशाला घालवली असती, हा त्याचा साधा प्रश्न आहे.

मग तो म्हणत काय होता? सत्ता चालवायची तर माणसांची मोजणी, नोंद, वर्गवारी लागते, त्यातून ज्ञान तयार होतं. आणि त्या ज्ञानातून सत्तेचे नवे मार्ग निघतात. शिवाय सत्ता नुसती दाबत नाही, ती घडवतेही. नवे हक्क, नवी ओळख, नव्या प्रकारची माणसंसुद्धा. हे पॅरिसच्या उदाहरणांवरून कळत नसेल, तर भंडारा जिल्ह्यातला कुठलाही मामा तलाव पाहावा.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या मातीच्या पाळी घालून हे तलाव बांधले. तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडली की पाणी पाटाने धानाच्या बांध्यांत उतरतं. साकोली तालुक्यातला शिवनीबांध आणि १९९९ मध्ये गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध ही त्यांतली मोठी नावं. आता कागदांकडे वळू. १८५३ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी बहाल केली. तोवर जो मुख्यतः सारा गोळा करून देणारा होता, तो नोंदवहीतल्या एका रकान्यामुळे मालक झाला. म्हणजे मालगुजाराला दडपण्याऐवजी सत्तेने मालक म्हणून घडवलं.

त्याच कारभाराने गावोगावचे रिवाजही लिहून घेतले. कोणाला पाणी, कोणाची वाट, कोणाची मासेमारी, याच्या नोंदीला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ मध्ये तलाव तत्कालीन मध्य प्रदेश सरकारकडे आले. हा दस्तऐवज मात्र टिकला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (१९६६) गावच्या सामायिक जमिनीचा वापर ठरवणाऱ्या निस्तारपत्रकासाठी कलम १६१ आणि वाजिब-उल-अर्जसाठी कलम १६५ आहे. सारावसुलीच्या व्यवस्थेत जन्मलेला कागद आज गावकरी आपला हक्क सांगायला पुढे करतो. ‘ज्ञान म्हणजेच सत्ता’ या तीन शब्दांत हे कसं मावणार? ज्याच्या हाती नोंद त्याचीच कायम सत्ता, असं असतं, तर हा कागद गावकऱ्याच्या कामी आलाच नसता.

त्याच इंग्रज कारभारातले अधिकारी रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर चार खंड काढले. कोहळी तलाव बांधण्यात वाकबगार, ही नोंद त्यांत आहे. तीच आजही प्रबंधांत उतरवली जाते. पण ती कोणी, कोणत्या कामासाठी लिहून घेतली, हे क्वचितच विचारलं जातं. फूकोचा उपयोग करायचा तो इथे, आणि नेमका इथेच तो गैरहजर!

दुसरा गैरसमज जरा सभ्य आहे : सत्ता केवळ वरून येत नाही, हे जगाला पहिल्यांदा फूकोने सांगितलं. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला ९ मे १९१६ रोजी, म्हणजे फूकोच्या जन्माच्या दहा वर्षं आधी. जात कोणा एका मनूने समाजावर लादली, हे त्यांनी त्यात साफ नाकारलं. जात अनुकरणानेही पसरली, एका गटाने दार लावून घेतलं की बाहेरच्यांची दारं आपोआप लागली, असं त्यांचं विवेचन आहे. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तरीही जातीवर लिहिणारा भंडाऱ्याचा विद्यार्थी सत्तेच्या प्रकरणात आधी पॅरिसला जातो. फूकोने वसाहतींवर फारसं लिहिलंच नाही आणि जात तर त्याच्या पुस्तकांचा विषयच नव्हता. त्याची अवजारं पूर्वेकडे वळवली ती एडवर्ड सईदने १९७८ मध्ये. वसाहतकाळातल्या भारतीय वैद्यकाला ती लावून पाहिली डेव्हिड अर्नोल्डने १९९३ मध्ये. दोघांनीही ती आपल्या कामापुरती घासून घेतली.

बाकीचे गैरसमज किरकोळ. सत्ता सगळीकडे आहे म्हणजे विरोध फोल, असं फूको म्हणाला नाही; सत्ता तिथे प्रतिकार, असं त्याने १९७६ मध्ये लिहिलंय, आणि त्याआधी १९७१ मध्ये तुरुंगांतली परिस्थिती कैद्यांकडूनच उजेडात आणणारा गट उभारण्यात तो पुढे होता. एका जागेवरून सगळ्या कैद्यांवर नजर ठेवणाऱ्या सर्वदर्शी तुरुंगाचा आराखडा त्याचा नव्हे, जेरेमी बेंथमचा, अठराव्या शतकातला. आणि चौकात सीसीटीव्ही लागला म्हणून तो आराखडा लगेच लागू होत नाही. फूको वैद्यकाच्या विरोधात होता, हेही खोटं. वैद्यकाचं ज्ञान कसं उभं राहिलं, हे त्याने तपासलं. आणि त्याच्याकडे सर्व विद्याशाखांना पुरणारा एकच सिद्धांत होता, हा तर त्याच्यावर अन्यायच आहे. आपली पुस्तकं अवजारांच्या पेटीसारखी वापरा, असं तो स्वतः सांगत असे.

पेटी उघडायचीच तर सिंचनावर लिहिणाऱ्याने गावच्या निस्तारपत्रकापासून सुरुवात करावी. गाळ कोणी काढायचा, तलावाची मासेमारी कोणत्या संस्थेकडे, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीत कोण पेरतो, हे कोणत्या कागदात आहे आणि कोणत्या कागदात कधी आलंच नाही, ते पाहावं. बेकनला मग हवं तर तळटीपेत घ्यावं, त्याच्या स्वतःच्या नावाने.