ओढणे सोपे, थांबवणे अवघड

गाळपाचा हंगाम सुरू झाला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. पुढे एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि त्यांवर फाळक्याच्या कितीतरी वर रचलेला ऊस. ड्रायव्हर अभिमानाने सांगतो, "पन्नास अश्वशक्तीचा आहे, काहीही ओढतो." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. ओढलेले तो थांबवू शकतो का?

अश्वशक्ती म्हणजे काम किती वेगाने होईल याचे माप. खालच्या गिअरमध्ये लहान इंजिनही सावकाश का होईना, मोठे ओझे हलवते. थांबवताना मात्र इंजिनाचा आकडा कामाला येत नाही. तिथे लागते ती चाकांची रस्त्यावरची पकड, आणि ती चाकांवर पडणाऱ्या वजनावर ठरते.

थोडा हिशेब करू. ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण २ टनांचा असतो. त्याचे ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतात आणि त्या चाकांवर सुमारे १३०० किलो भार असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर पकड फार तर त्याच्या सात-दशांश, म्हणजे ९०० किलोच्या आसपास. आता दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन धरा. ट्रॅक्टरसह २२ टन झाले. उतार २० फुटांना १ फूट असेल, तर या वजनाचा विसावा हिस्सा, ११०० किलो, गाडीला खाली ढकलतो. ट्रॉल्यांना बहुतेक वेळा ब्रेक नसतातच. चाकांच्या घर्षणाची थोडी मदत होते, एवढेच. येडशीच्या किंवा तुळजापूरच्या घाटात ट्रॉल्याच ट्रॅक्टरला ढकलू लागतात, त्याचे कारण हे आहे. रस्ता ओला असला तर विचारायलाच नको.

दुसरी गोष्ट हुकाची. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. दोनचाकी ट्रॉलीत पुढच्या बाजूला फार भार टाकला तर तो हुकावर येतो. ट्रॅक्टरची मागची चाके दबतात, पुढची हलकी होतात. चढावर तर ती जमीन सोडू पाहतात. मग स्टिअरिंग नुसते हातात राहते.

अमेरिकेतल्या शेती-सुरक्षेच्या मार्गदर्शनात एक साधा नियम आहे: ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे भरलेले वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. २ टनांच्या ट्रॅक्टरला ३ टन! आपली जोड ट्रॉली त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते.

वजन शोधायला लांब जावे लागत नाही. कारखान्याच्या काट्याच्या पावतीवर भरलेले आणि रिकामे वजन लिहिलेले असते. ट्रॉलीच्या आरसी बुकात तिला मंजूर झालेले वजन असते. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत तो किती ओढू शकतो ते असते. हे तीन कागद शेजारी ठेवून पाहावेत.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. शेतात डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतात, पण रस्त्यावर दोन्ही पेडले जोडलेलीच हवीत. नाहीतर एकच चाक धरते आणि ट्रॉली आडवी होते.

अडचण ड्रायव्हरच्या अज्ञानाची नाही, हेही बोलले पाहिजे. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. हप्ते डोक्यावर असतात, म्हणून प्रत्येक खेपेला चार मोळ्या जास्त चढतात. त्या चार मोळ्यांचा मोबदला मालकाला मिळतो. धोका मात्र ड्रायव्हरच्या, उसावर बसलेल्या मजुराच्या आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला येतो. म्हणून वजनाचा हिशेब ट्रॉली भरताना, फडातच झाला पाहिजे. घाटात तो करायला वेळ मिळत नाही.