दोन मैलांवरची भीती

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची ‘द मंकीज पॉ’, म्हणजे माकडाचा पंजा, ही कथा १९०२ साली प्रसिद्ध झाली. भयकथांतला नमुना म्हणून आजही तिचे नाव घेतात, आणि तिच्यात भूत एकदाही दिसत नाही. जेकब्ज यांचे नाव झाले होते ते खलाशांच्या फजितीच्या विनोदी गोष्टींमुळे. तो विनोदी हात इथे कामी आला, कारण घाबरवण्याआधी वाचकाला निर्धास्त करावे लागते.

रात्र थंड, पावसाची. रस्त्यावर चिखल, शेजारपाजार जवळजवळ नाहीच. आत मात्र पडदे ओढलेले, शेकोटी पेटलेली. मिस्टर व्हाइट मुलाशी बुद्धिबळ खेळताहेत, आई विणत बसली आहे. आडबाजूचे घर हे भयकथेचे जुनेच भांडवल, पण जेकब्ज त्यात आधी ऊब आणि थट्टामस्करी भरतात. व्हाइट आपल्या राजाला विनाकारण धोक्यात घालतात, यातली सूचना पहिल्या वाचनात सहसा निसटते. मग हिंदुस्थानात नोकरी केलेला सार्जंट-मेजर फकिराने मंतरलेला पंजा घेऊन येतो. (जादूटोणा पूर्वेकडून मागवायचा, ही त्या काळच्या इंग्रजी कथांची रीतच.) पंजा तीन माणसांच्या तीन-तीन इच्छा पुरवतो. पहिल्या मालकाने शेवटी मरण मागितले, एवढेच सार्जंट सांगतो; त्याच्या आधीच्या दोन इच्छा त्यालाही ठाऊक नाहीत.

व्हाइट दोनशे पौंड मागतात. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन, न्याहारीला पंजाची टिंगल. मग फाटकाशी एक अनोळखी माणूस घुटमळतो, आत यावे की नाही ते त्याला ठरवता येत नाही. मुलगा कारखान्याच्या यंत्रात सापडून मेला आहे. कंपनी भरपाई देते: दोनशे पौंड.

खरी भीती इथून पुढे. मुलाला दोन मैलांवर पुरले आहे. तो परत यावा अशी इच्छा आई नवऱ्याला मागायला लावते, आणि काहीच घडत नाही. मेणबत्ती विझते, घड्याळाची टिकटिक ऐकू येते, जिना करकरतो. दारावर अगदी हलकी थाप पडते तेव्हा उशिराचे कारण आईच्या ध्यानात येते: दोन मैल चालून यायचे होते! कब्रस्तानाचे अंतर आधी जाता जाता सांगितलेले असते, त्याच तपशिलाचा आता अंगावर काटा येतो.

दाराला दोन कड्या आहेत. खालची निघते, वरचीला आईचा हात पोचत नाही. ती खुर्ची ओढते. तेवढ्यात बाप अंधारात रांगत पंजा चाचपडतो आहे. थाप एकच, पण आईला दाराबाहेर मुलगा दिसतो आणि बापाला ते प्रेत, जे त्याला केवळ कपड्यांवरून ओळखता आले होते. प्रेताचे वर्णन लेखक करत नाहीत. एकदा केले असते तर भीतीला मर्यादा पडली असती.

पंजा सापडतो, व्हाइट तिसरी इच्छा मागतात. ती कोणती हेही लेखक लिहीत नाहीत. थापा थांबतात, दार उघडते, बाहेर कोणी नाही. त्यामुळे संशयाला जागा उरते: कारखान्यात अपघात होतात, भरपाईचा आकडा योगायोगाने जुळू शकतो. योगायोगात बसत नाहीत त्या फक्त थापा, आणि त्या कोण मारत होते ते पाहायला दार वेळेवर उघडलेलेच नाही.