पंचवीस सेंट, पंचवीस कोपेक आणि एक देवमासा

आमच्या महाविद्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी टपाल तिकिटांचे जुने संग्राहक आहेत. परीक्षेच्या पर्यवेक्षणातून सुटल्यावर परवा त्यांनी आपली वही उघडली आणि दोन तिकिटे माझ्यापुढे सरकवली. दोहोंवर चित्र एकच : काळ्या-पांढऱ्या अंगाचा किलर व्हेल. एकावर अमेरिकेचे नाव आणि २५ सेंट, दुसऱ्यावर सोव्हिएत संघाची आद्याक्षरे आणि २५ कोपेक. सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणात दोन्ही महासत्ता सहकार्य करीत आहेत, हे जगाला सांगण्यासाठी ही संयुक्त मालिका ३ ऑक्टोबर १९९० रोजी, म्हणजे जर्मनीचे एकीकरण झाले त्याच दिवशी निघाली. मालिकेत चार प्राणी होते : किलर व्हेल, स्टेलरचा सागरी सिंह, सागरी पाणमांजर आणि डॉल्फिन.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाचे लक्ष प्रथम किमतीकडे जाते, हा व्यवसायाचा दोष. दोन्ही तिकिटांवर २५ हाच आकडा आहे. परंतु सोव्हिएत सरकारनेच १९८९ च्या नोव्हेंबरपासून पर्यटकांसाठी एका डॉलरला सहा रूबलांहून अधिक असा दर ठरवला होता; त्या दराने २५ कोपेक म्हणजे जेमतेम चार सेंट. अधिकृत दरपत्रकात मात्र रूबल डॉलरहून महागच होता. कागदावरचा आकडा आणि वस्तुस्थिती यांच्यात किती अंतर असू शकते, याचा हा लहानसा नमुना. मोठा नमुना त्या चित्रातल्या प्राण्याच्या कहाणीत आहे.

किलर व्हेल हा खरे पाहता डॉल्फिनच्याच कुळातला, त्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी. त्याची कीर्ती मात्र दीर्घकाळ खुनशी म्हणून होती. आपल्या जाळ्यातले सामन मासे हा पळवतो, या मच्छीमारांच्या तक्रारीवरून कॅनडाच्या मत्स्यखात्याने १९६१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर चक्क मशीनगन बसवली होती. ती झाडली गेली नाही, एवढेच. १९६४ मध्ये व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाने शिल्पासाठी नमुना हवा म्हणून एक किलर व्हेल मारण्यास माणसे पाठवली. भाला लागूनही तो मेला नाही, म्हणून त्याला जिवंतच आणले, आणि पाहतात तो प्राणी शांत व मनमिळाऊ! तो तीन महिनेही जगला नाही, पण लोकांचे मत पालटले. मशीनगनपासून टपाल तिकिटापर्यंतचा प्रवास अवघ्या एकोणतीस वर्षांचा आहे.

आता त्या चार चित्रांकडे पुन्हा पाहू. पाणमांजराची कातडी हे एकेकाळी रशियन व अमेरिकन व्यापाऱ्यांचे सोने होते. त्या लोभापायी हा प्राणी नामशेष होण्याच्या बेतास आला, तेव्हा १९११ मध्ये अमेरिका, रशिया, जपान व ब्रिटन यांनी करार करून त्याला अभय दिले. अलास्काच्या अल्यूशियन बेटांभोवती त्याची संख्या पुन्हा वाढली. परंतु १९९० नंतरच्या दशकात ती अकस्मात कोसळू लागली. जेम्स एस्टिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये निष्कर्ष मांडला की, किलर व्हेल आता पाणमांजरे खाऊ लागले आहेत. आणि एवढ्या मोठ्या प्रदेशातील घट घडवण्यास चाराहूनही कमी किलर व्हेल पुरेसे आहेत! पाणमांजरे घटली की ती ज्यांना खातात ते काटेरी सी अर्चिन माजतात आणि समुद्रतळावरची केल्प वनस्पतींची रानेच्या राने फस्त करतात.

पण किलर व्हेल या चिमुकल्या भक्ष्याकडे वळला का? सील व सागरी सिंह आधीच घटले होते म्हणून, असे एस्टिस यांचे उत्तर. तिकिटावरील स्टेलरचा सागरी सिंह नेमक्या १९९० मध्येच अमेरिकेत धोक्यातील प्राण्यांच्या यादीत गेला, हे येथे लक्षात घ्यावे. मग सागरी सिंह तरी का घटले? २००३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी असा तर्क केला की, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी व सोव्हिएत ताफ्यांनी उत्तर पॅसिफिकमधील मोठे देवमासे मारून संपवले, तेव्हा त्यांच्यावर जगणारे किलर व्हेल सीलकडे, तेथून सागरी सिंहाकडे आणि अखेर पाणमांजराकडे उतरले. हा तर्क सर्वांना मान्य नाही. त्यावर कडाक्याचे वाद झाले आहेत. तो खरा असेल तर मालिकेतील चारांपैकी तीन चित्रे एकाच साखळीच्या कड्या ठरतात आणि साखळीचे पहिले टोक तिकीट छापणाऱ्या एका सरकारच्या हाती सापडते.

त्या सरकारच्या नोंदवह्यांविषयी मात्र वाद उरलेला नाही. १९९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी याब्लोकोव्ह यांनी उघड केले की, आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाला दिलेले सोव्हिएत आकडे अनेक वर्षे खोटे होते. पुढील संशोधनानुसार न नोंदवलेल्या देवमाशांची संख्या १,८०,००० च्या आसपास जाते. दक्षिण गोलार्धात हंपबॅक जातीचे २,७१० देवमासे मारल्याचे कळवले होते. प्रत्यक्षात ते ४८ हजारांहून अधिक होते. आणि हे सर्व कशासाठी? त्या मांसाला देशात फारशी मागणीही नव्हती. योजनेने ताफ्यांना उद्दिष्ट ठरवून दिले होते ते उत्पादनाच्या वजनाचे. ते ओलांडले की बक्षिसी, चुकले की मानहानी. आणि गाठले की पुढच्या वर्षी अधिक मोठे उद्दिष्ट! चरबी काढून कित्येक धूड समुद्रातच टाकून दिले जात. ज्या वाचकांनी मार्चअखेर उद्दिष्टाचे रकाने भरले असतील त्यांना ही मनोवृत्ती अधिक समजावून सांगावयास नको. खरे आकडे नष्ट करण्याचे हुकूम सुटले तेव्हा दिमित्री तोर्मोसोव्ह या शास्त्रज्ञाने ते कागद आपल्या बटाट्यांच्या कोठारात लपवून ठेवले, म्हणून आज आपल्याला काही कळते.

खुद्द किलर व्हेलही यातून सुटला नव्हता. १९७९-८० च्या एकाच हंगामात सोव्हिएत ताफ्याने अंटार्क्टिकात ९१६ किलर व्हेल मारले. दहा वर्षांनी त्याच देशाने त्याचे तिकीट काढले.

हा केवळ नियोजनाचा दोष, असे म्हणून बाजारवाल्यांनी मात्र टाळ्या वाजवू नयेत. पलीकडच्या तिकिटामागेही हिशेब आहेच. १९६५ मध्ये सिअॅटलच्या एका मत्स्यालय-चालकाने मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलेला किलर व्हेल ८,००० डॉलरना घेतला, आणि मागणी निर्माण होताच पुरवठा सुरू झाला. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील पेन कोव्ह येथे ऐंशीच्या आसपास किलर व्हेल कोंडून सात पिले विकण्यात आली. या धरपकडीत पाच बुडून मेले. त्या सातांपैकी एक मादी मायामीच्या तलावात ऑगस्ट २०२३ मध्ये मरण पावली. आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे तिने करमणुकीस दिली. तिच्या कळपांची आजची संख्या पाऊणशेच्या घरात आहे. पकडीचा खर्च कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात कधी आला नाही, कारण समुद्र कोणालाच बिल पाठवत नाही.

वॉशिंग्टनच्या समुद्रात १९७६ नंतर हा धंदा थांबला. दुसऱ्या तिकिटावरचे राष्ट्र डिसेंबर १९९१ मध्ये नाहीसे झाले आणि नव्या रशियाने जुन्या वैऱ्याचा धंदा उचलला. २०१८ मध्ये नाखोद्काजवळच्या स्रेद्न्याया उपसागरात अकरा किलर व्हेल आणि नव्वदीच्या आसपास बेलुगा लहान कोंडवाड्यांत आढळले. रशियन कायद्याने अशी पकड केवळ शास्त्रीय किंवा शैक्षणिक-सांस्कृतिक कामासाठीच करता येत असे. गिऱ्हाईक होती ती चीनमधील मत्स्यालये. जगभर ओरड झाल्यावर २०१९ मध्ये दहा किलर व्हेल ओखोत्स्क समुद्रात सोडण्यात आले. अकरावा तोपर्यंत कोंडवाड्यातून नाहीसा झाला होता. परवान्याच्या कागदावर उद्देशाचा रकाना मात्र व्यवस्थित भरलेला होता.